लग्नाची वेबसाइट केली, फोन कमी झाले (कुडाळचं लग्न, नागपूरचं वऱ्हाड)

केवडा

डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आम्ही कुडाळजवळच्या गावातले, मुलाकडचे नागपूरचे. लग्न आमच्या गावी, घरच्या मांडवात. वेबसाइट केली होतीत ना, तिचा खरंच काही उपयोग होतो का, असं इथल्या काही जणांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. आमंत्रण वेबसाइटने केलं नाही. पत्रिका छापल्या, पहिली देवापुढे ठेवली, आई-बाबा अक्षता घेऊन घरोघरी गेले, लांबच्यांना फोन केले. आमंत्रण मिळालेल्या माणसाला पुढे जे प्रश्न पडतात त्यांच्यासाठी वेबसाइट होती. लग्नघरात शेवटच्या आठवड्यात फोन कशाचे येतात आठवून बघा. कुठल्या स्टेशनवर उतरू, न्यायला कोण येणार, हळद आदल्या दिवशी की त्याच दिवशी, मुक्कामाची सोय घरी की लॉजवर. आणि हे सगळं ज्याला धड काही माहीत नसतं त्या माणसालाच विचारलं जातं. बाबांनी एकाला कणकवली सांगावं, काकांनी दुसऱ्याला सावंतवाडी.

प्रवासाच्या पानावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण आमच्याकडे यायचं म्हणजे तिथेच गोंधळ होतो. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि कुडाळ-सावंतवाडीकडे येणाऱ्याला तोच सोयीचा. दाबोळीला उतरलात तर झुवारी, मग मांडवी नदी ओलांडून सबंध उत्तर गोवा पार करून यायचं. तिकीट काढताना घाईत दोन्हीकडे नुसतं 'गोवा' वाचलं जातं. म्हणून ठळक लिहिलं: तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ आम्हाला आणखी जवळ आहे, पण तिथली विमानं मोजकी, त्यांच्या भरवशावर कुणाला ठेवलं नाही.

रेल्वेचंही तसंच. कोकणकन्या आणि मांडवी एक्सप्रेस कुडाळला थांबतात, वंदे भारत थांबत नाही, तिने येणाऱ्याने कणकवलीला उतरायचं. आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं हे अजून अनेकांच्या डोक्यात बसलेलं नाही. डिसेंबर अखेरीला गोव्याकडच्या गाड्यांचं काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे आमच्या लग्नासाठीचं आरक्षण अमुक तारखेला सकाळी ८ ला उघडेल, हे तारखेनिशी टाकलं होतं. मुंबईच्या दोन्ही माम्या त्या दिवशी मोबाइल घेऊन बसल्या आणि सगळ्यांची तिकिटं एका डब्यात आली.

मग घरापर्यंतचा शेवटचा तुकडा. तिठ्यापासून पुढे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून एक गाडी जेमतेम जाते. नकाशावर तो 'रस्ता' दिसतो, पण मोठी बस आत घातली की ती वळत नाही आणि मागेही घेता येत नाही. वऱ्हाडाच्या बसच्या ड्रायव्हरला लिंक आधीच पाठवली. बस देवळाच्या कमानीपाशी लावा, पुढे आमच्या रिक्षा आणि ओम्नी आहेत. प्रत्येक वळणाचा फोटो काढून टाकला: पिंपळ, गिरणी, बंद पडलेली शाळा. परक्या माणसाला आपल्या गावात डावं-उजवं सांगून काही कळत नाही.

आणि फॉर्म. किती जण, कधी पोचणार, कधी निघणार, मुक्काम आहे का. शिवाय दोन प्रश्न आत्याने घालायला लावले: जिना चढता येईल का, आणि कमोड लागतो का. हे फोनवर विचारायला संकोच वाटतो आणि सांगायलाही. फॉर्मवर लोकांनी बिनधास्त लिहिलं. त्यावरून कोणाला खालच्या खोल्या, कोणाला शेजारच्या काकांकडे आणि कोणाला कुडाळच्या लॉजवर ठेवायचं हे ठरलं. सगळ्या वेबसाइटमध्ये मला विचाराल तर हे दोन प्रश्न सर्वांत कामाचे.

खर्च: गूगल साइट्सवर केली, ती फुकट. सोपा पत्ता हवा म्हणून डोमेन विकत घेतलं, वर्षाचे हजाराच्या आत. मजकूर मराठीत, खाली थोडक्यात इंग्रजी, मुलाच्या बंगळुरूच्या मित्रांसाठी.

---

जुनं_खोड

वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी एक काका असायचे, त्यांच्याकडे वही असायची, त्यात हे सगळं असायचं. आता वहीला वेबसाइट म्हणायचं इतकंच.

पण मला एक खटकलं. फोन कमी झाले यात आनंद कसला? लग्नाच्या निमित्ताने वर्षानुवर्षं न बोललेली माणसं फोन करतात. "कुठे उतरू" हे निमित्त असतं. त्यांना लिंक पाठवायची म्हणजे काउंटरवरच्या बाईने पाटीकडे बोट दाखवण्यासारखं आहे. माझ्या भाच्याच्या लग्नात मला एक मेसेज आला, "डिटेल्स वेबसाइटवर आहेत". मी गेलो, जेवलो, आलो. कोणी बोलावलंय असं काही वाटलं नाही.

---

नाग_नदीकाठी

मी याच लग्नातला नाही, पण नागपूरचाच, त्यामुळे वऱ्हाडाची बाजू मांडतो राजेहो. आम्हाला कोकण म्हणजे परदेश. मडगावला थेट जाणारी विशेष गाडी आहे, आठवड्यातून दोनदा, नाहीतर मुंबई किंवा पुण्याला बदला. एवढ्या प्रवासाला निघणाऱ्या साठ-सत्तर जणांना रात्री अकरा वाजता प्रश्न पडतात. त्या वेळी मुलीच्या वडिलांना फोन लावायची आमची हिंमत नसते. व्याही आहेत ते, हापिसातले नाहीत. तेव्हा लिंक असली तर बरं असतं. संकोच दोन्हीकडून असतो, जुनं_खोड काका.

बाकी आमच्याकडे वेबसाइटवर मुहूर्त लिहून काही होत नाही. त्याच्यापुढे "खरंच" असं लिहावं लागेल.

---

केवडा

@जुनं_खोड, तुमचा मुद्दा मला पटतो, म्हणूनच आमंत्रणाचं आधी लिहिलं. "डिटेल्स वेबसाइटवर आहेत" असा मेसेज आमच्याकडून कोणालाही गेला नाही. ज्यांनी फोन केला त्यांना फोनवरच सगळं सांगितलं, लिंकचा उल्लेखही नाही. फरक असा पडला की फोन उचलणाऱ्या प्रत्येकापाशी एकच उत्तर होतं. काकूंनी तर पानं छापून घेऊन फोनशेजारी टाचून ठेवली होती. म्हणजे तुमची वहीच.

@नाग_नदीकाठी, मुहूर्त दुपारी १२ वाजून २३ मिनिटांचा होता आणि तुमच्या गावची मंडळी सकाळी नऊलाच फेटे बांधून तयार होती. उगाच बदनामी करू नका.

---

गावठी_मिरची

लगीन कुडाळाक आनि आमका पत्रिका नाय? वेबसायटीचो पत्तो तरी द्या, जेवणात काय होता ता बघूया.

---

पंगत_वाढपी

मी केटरिंगमध्ये आहे (पुणे-सातारा), धंद्याच्या बाजूने लिहितो.

वेबसाइटच्या फॉर्मवरून जेवणाच्या पानांचा आकडा काढायला जाऊ नका. आपल्याकडे पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार छापायचं आणि फॉर्मात "नेमके किती?" विचारायचं, हे जमत नाही. ज्यांनी भरला ते येतात, ज्यांनी नाही भरला ते पण येतात, आणि ज्यांनी "२" लिहिलं ते चार जण येतात कारण मेहुणे घरी आले होते. आम्ही पार्टीला विचारतो, "किती पानं धरू?", आणि पार्टी जो आकडा सांगते त्याच्या वर आम्ही आमच्या अंदाजाने राखून ठेवतो. फॉर्मने हा हिशेब बदललेला मी पाहिला नाही.

पण फॉर्म एका ठिकाणी फार कामाचा आहे, आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. मुख्य जेवण नव्हे, मुक्कामाच्या पाहुण्यांची बाकीची जेवणं. आदल्या रात्री कितीजण पोचणार? कितीजण रात्री दोनच्या गाडीने येणार, म्हणजे जेवणार नाहीत पण सकाळी सातला चहा-पोहे मागणार? लग्नाच्या रात्री कितीजण राहणार? इथे आकडे लहान असतात, त्यामुळे दहा माणसांचा फरकही पडतो. आदल्या रात्रीचं पिठलं-भात कमी पडलं तर मुलीकडच्यांची जी अवस्था होते ती मी पाहिली आहे. बाराशे पानांच्या पंगतीत दहा जण वाढले तर कोणाला कळत नाही.

अजून एक: तारखेला एकादशी किंवा चतुर्थी असेल तर उपासाचं किती जणांना, हे फॉर्ममध्ये जरूर विचारा. साबुदाणा आयत्या वेळी भिजत नाही.

---

केवडा

+१. आमचंही अगदी असंच झालं. फॉर्म बाहेरगावच्यांनीच भरला. गावातल्यांना तो दाखवलाही नाही, तिथे घरामागे अख्खं घर धरायचं असतं. आदल्या रात्रीचा आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आकडा मात्र जवळजवळ बरोबर निघाला.

@गावठी_मिरची, वडे, काळ्या वाटाण्याची सांबारी, सोलकढी. गोडात तुमका पसंत पडात असा बरांच होता.

---

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत वेबसाइटशिवाय लग्न ही कल्पनाच उरलेली नाही. द नॉट, झोला, जॉय अशा ठिकाणी तयार साचे मिळतात. माझ्या मुलीच्या लग्नात तिने प्रत्येक पाहुण्याचं नाव आधी यादीत घातलं होतं. पाहुण्याने वेबसाइटवर आपलं नाव टाकलं की त्याला ज्या ज्या कार्यक्रमाला बोलावलंय तेवढेच दिसतात. संगीताला बोलावलं नसेल तर संगीत दिसतच नाही. हॉटेलमध्ये खोल्यांचा गट राखून ठेवलेला असतो, त्या दराने कधीपर्यंत मिळतील ती तारीख असते. त्यानंतर हॉटेल उरलेल्या खोल्या सोडून देतं. तारखेच्या आत उत्तर आलं नाही तर मुलगी स्वतः फोन करून विचारायची, कारण इथे दर ताटाचे पैसे हॉलवाला घेतो आणि ते जिवावर येतात.

आपल्याकडून आलेल्या माझ्या बहिणीला हे फार कोरडं वाटलं. "माझं नाव यादीत सापडेना" म्हणून ती खरोखर रडवेली झाली होती. स्पेलिंगचा घोळ होता. तेव्हा या पद्धतीत बाहेरून येणाऱ्या ज्येष्ठांचे फॉर्म मुलांनीच भरून टाकावेत, त्यांना त्या वाटेला लावू नये.

भारतातल्या लग्नाच्या वेबसाइटवर आम्हा परदेशवाल्यांसाठी एकच मागणी: वेळ लिहाल तिथे आमचीही वेळ लिहा. केवडाताईंचा १२:२३ चा मुहूर्त म्हणजे डिसेंबरात आमच्याकडे मध्यरात्रीनंतर १:५३, लंडनला सकाळी ६:५३, सिडनीत संध्याकाळी ५:५३. उन्हाळ्यात हेच गणित एक तासाने सरकतं. आमच्यातले निम्मे लोक थेट प्रक्षेपण लावतात तेव्हा मंगलाष्टकं संपून रुखवताचे फोटो चालू असतात.

---

चिंगी

@एडिसनकर, कार्यक्रमानुसार वेगळं दाखवणं हा मुद्दा मोठा आहे. आमच्या चुलत दिरांच्या लग्नाची वेबसाइट सुंदर होती. मेंदी, संगीत, हळद, कॉकटेल, लग्न, रिसेप्शन, सगळं एकाच पानावर. प्रत्यक्षात संगीत आणि कॉकटेलला मित्रमंडळी आणि अगदी जवळचेच. झालं, लिंक गावभर फिरली. एक मावशी नटूनथटून संगीताला हजर, दुसऱ्या मावशी "आम्हाला तोंडी बोलावलंच नाही" म्हणून लग्नालाही आल्या नाहीत. सासूबाई अजून त्यांच्या घरी फराळ घेऊन जातात.

पूर्वी कोणाला कशाचं आमंत्रण आहे हे दोन घरांतच राहायचं. आता ते उघड्यावर येतं. तेव्हा ज्या कार्यक्रमांना सगळ्यांना बोलावलंय तेवढेच मुख्य पानावर, बाकीचं वेगळ्या लिंकवर.

---

केवडा

आम्ही केळवणं आणि मेंदी वेबसाइटवर टाकलीच नाहीत. घरगुती कार्यक्रम, त्यांना वेबसाइटची गरज काय?

---

टाइप_जुळारी

छापखान्याचा अनुभव म्हणून दोन-चार गोष्टी. हल्ली दर तिसऱ्या पत्रिकेवर क्यूआर टाकायला सांगतात.

सोनेरी फॉइलमध्ये क्यूआर मागू नका. लाल कागदावर सोनेरी दिसायला झकास, पण प्रकाश पडला की फॉइल चमकतं आणि मोबाइल वाचत नाही. पांढऱ्या किंवा फिक्या चौकोनात काळा क्यूआर, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती मोकळी जागा हवी. गणपतीच्या सोंडेला टेकवून क्यूआर हवा असं एक गिऱ्हाईक म्हणत होतं. नमुना छापून घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर तपासून बघा, मगच हजार प्रती.

इंटरनेटवर फुकट क्यूआर करून देणाऱ्या बऱ्याच जागा तुमचा पत्ता थेट त्यात घालत नाहीत, आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतात आणि तिथून तुमच्याकडे पाठवतात. चाचणीची मुदत संपली की क्यूआर बंद, पैसे भरा. पत्रिका तोवर वाटून झालेल्या असतात. तपासायची सोपी खूण: मोबाइलने वाचल्यावर तुमचाच पत्ता दिसला पाहिजे, दुसरा कुठला आखूड पत्ता नाही.

आणि हे मराठीसाठी खास. पत्रिकेचा मजकूर आम्ही बहुतेक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवतो. तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसेल असा, नसतो. तोच उचलून वेबसाइटवर टाकला की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मग पोरं पत्रिकेचा फोटोच चिकटवतात, तो मोबाइलवर वाचता येत नाही आणि त्यातला पत्ता किंवा फोन नंबर दाबताही येत नाही. छापखान्याकडून युनिकोड करून मागा किंवा सरळ परत टाइप करा. एवढा मजकूर असतोच किती.

---

सदाशिव_पेठी

क्यूआरचा विषय निघालाच आहे म्हणून. २०२१ मध्ये मदुराईच्या एका जोडप्याने पत्रिकेवर गूगल पे आणि फोनपेचे क्यूआर छापले होते, बातम्या आल्या होत्या. करोनामुळे येऊ न शकणाऱ्यांनी आहेर तिथून पाठवावा म्हणून. आता आमच्या सोसायटीतल्या एका लग्नाच्या वेबसाइटवर 'आशीर्वाद' नावाचं बटण होतं. दाबलं तर यूपीआय. निर्लज्जपणालाही काही सीमा.

---

चिंगी

यात निर्लज्ज काय? पाकिटं आपण देतोच. मांडवात रांगेत उभं राहून फोटोसाठी हसत पाकीट द्यायचं ते चालतं? परदेशातल्या भाचीला पाकीट द्यायचं असेल तर तिने काय करावं?

---

सदाशिव_पेठी

द्यायचं असेल त्याने विचारून द्यावं. मागू नये. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" आणि वेबसाइटवर बटण, हे एकाच घरातून आलं होतं.

---

एडिसनकर

इथल्या देशी पत्रिकांवर "नो बॉक्स्ड गिफ्ट्स" अशी ओळ असते, म्हणजे खोकी नकोत, पाकीट चालेल. मागण्याची ही इतकी सभ्य पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही.

---

जुनं_खोड

हा हा. धागा भरकटला, पण हे आवडलं.

---

बँकेतला_मामा

थोडं गंभीर. तुम्ही एवढ्या कष्टाने वेबसाइट कराल आणि लोक लिंक उघडणारच नाहीत, कारण आम्हीच त्यांना उघडू नका सांगतोय. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी) पाठवायची, ती मोबाइलमध्ये बसली की मेसेज वाचायचे आणि खातं साफ करायचं, हा प्रकार जोरात आहे. हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी २०२४ च्या नोव्हेंबरात याबद्दल इशारा दिला होता.

तेव्हा लग्नघराने चार गोष्टी पाळाव्यात. लिंक अनोळखी नंबरवरून पाठवू नका, ज्याने पाठवायची त्याने आधी बोलावं. पत्ता वाचता येईल असा असावा, नावांचा. वेबसाइटवर काहीही 'इन्स्टॉल' करायला सांगू नका. ओटीपी, आधार, जन्मतारीख असलं काही फॉर्ममध्ये विचारू नका. लॉजला ओळखपत्र लागतं म्हणून एका घराने सगळ्या पाहुण्यांचे आधारचे फोटो फॉर्ममधून मागवले होते, आणि फॉर्मची उत्तरं पाहण्याची लिंक चुलतभावंडांच्या ग्रुपवर उघडी पडली होती.

पाहुण्यांनी लक्षात ठेवायचं इतकंच: पत्रिका वाचायला अॅप लागत नाही. फाइलच्या नावाशेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही.

आणि घरच्यांसाठी. तुमचं सगळं घर अमुक तारखेला अमुक वाजता दुसऱ्या गावी आहे हे वेबसाइट जगाला सांगते. राहत्या घराचा पत्ता तिच्यावर टाकू नका. गूगलच्या शोधात येऊ नये अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती करा, किंवा साधा पासवर्ड ठेवा आणि तो पत्रिकेवर छापा.

---

केवडा

पासवर्डचा विचार केला होता, पण आजोबांच्या मित्रांना तो टाकता येणार नाही म्हणून सोडला. त्याऐवजी फोन नंबर आणि खोल्यांची यादी वेबसाइटवर ठेवलीच नाही. शोधात येऊ नये ती सोय मात्र केली.

लिंक पाठवण्याबद्दल एक. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टने पाठवायला गेलो तर ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह नसतो त्यांना मेसेज पोचतच नाही, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. बाबांचा नंबर सगळ्यांकडे, माझा कोणाकडे नाही. त्यामुळे सगळं बाबांच्या फोनवरून, आणि एकेकाला नावाने.

---

हिरवा_चुडा

माझं लग्न २०२१ च्या मेमध्ये झालं. तेव्हा राज्यात पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. आमच्यासाठी वेबसाइट म्हणजेच मांडव. थेट प्रक्षेपण तिथेच, लोकांनी आशीर्वाद लिहायचे तिथेच. आजी (वय ८६) गावी टीव्हीसमोर अक्षता घेऊन बसली होती आणि तिने टीव्हीवर टाकल्या. तेव्हापासून आमच्या घरात कोणीही वेबसाइटला नावं ठेवत नाही.

प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी: यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि मोबाइलवरून करायचं तर चॅनेलला निदान ५० सदस्य लागतात. लग्नाच्या सकाळी चॅनेल उघडलं तर काही होणार नाही. मागे सिनेमाची गाणी लावलीत तर हक्काच्या कारणावरून प्रक्षेपण मध्येच थांबू शकतं. सनई आणि भटजी पुरेत, नाहीतर सप्तपदीच्या वेळी पडदा काळा.

---

गावठी_मिरची

सगळा बरा, पन त्या गावात रेंज खंय आसा? वेबसाइट उघडतली कशी?

---

केवडा

अगदी बरोबर बोललात. आमच्याकडे एकाच कंपनीची रेंज येते, तीही पडवीच्या कोपऱ्यात. म्हणून पान हलकं ठेवलं, व्हिडिओ नाही, संगीत नाही, पडणाऱ्या पाकळ्या नाहीत. "हे एक पान निघण्याआधी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा" असं वरच लिहिलं आणि त्यात रस्ता, वेळा, न्यायला येणाऱ्या तिघांचे नंबर. ते पान वेबसाइटवर नव्हतं, फक्त फॉर्म भरणाऱ्यांना पाठवलं. पुण्याहून गाडीने आलेल्यांनी घाट उतरल्यावर तेच वापरलं. प्रक्षेपण मात्र आमच्याकडे शक्यच नव्हतं, दुसऱ्या दिवशी फोटो टाकले.

---

विचारात_पडलेला

माझ्या मुलाचं लग्न पुढच्या वर्षी. हे सगळं असेल तर पत्रिका कशाला छापायच्या, असं तो म्हणतोय. पैसेही वाचतील, कागदही.

---

बँकेतला_मामा

थोड्या तरी छापाच. महाराष्ट्रात विवाह नोंदणीला कागदपत्रांत लग्नपत्रिका मागतात. ती नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, तेही होतं, पण खेटे कशाला? जोडीदाराच्या व्हिसालाही पत्रिका आणि फोटो पुरावा म्हणून जोडतात.

---

टाइप_जुळारी

आणि देवापुढे काय ठेवणार, मोबाइल? (आमचा धंदा आहे, म्हणून बोलतोय असं समजा.) शंभर-दोनशे छापा, ज्यांच्या घरी जाणार त्यांच्यापुरत्या. बाकीच्यांना व्हॉट्सअॅपवर चित्र आणि लिंक. हल्ली बहुतेक घरं असंच करतात.

---

विचारात_पडलेला

धन्यवाद. वेबसाइट लग्नानंतर किती दिवस ठेवायची असते?

---

चिंगी

दिरांनी वर्षभराने डोमेनचे पैसे भरले नाहीत. ते दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. आता पत्रिकेवरचा क्यूआर वाचला की ऑनलाइन रमीची जाहिरात उघडते. सासूबाईंच्या कपाटात तसल्या दोनेकशे उरलेल्या पत्रिका आहेत.

---

टाइप_जुळारी

म्हणून क्यूआरमध्ये विकत घेतलेला पत्ता न घालता गूगल साइट्सचा मूळ लांबलचक पत्ता घालायचा. डोमेन गेलं तरी तो राहतो. लोकांना तोंडी सांगायला पाहिजे तर छोटा पत्ता खाली अक्षरांत छापा.

---

केवडा

हे छान सुचवलंत. आमचं डोमेन जूनपर्यंत आहे, पाहुण्यांचे फोटो अजून येतायत. एकाच गूगल खात्यात १५ जीबी फुकट मिळते, ती मुलाच्या मित्रांनी दोन दिवसांत भरली, त्यामुळे आता दुसरं खातं उघडलंय. विचारात_पडलेला, फॉर्ममधले सगळे प्रश्न तुम्हाला व्यनि करते. कमोडचा तेवढा काढू नका.